अर्धं रान न नांगरता

आमच्या क्वार्टरमध्ये धुळीला थारा नव्हता. तिला राहायचंच असेल तर तिनं शेजारच्या क्वार्टरमध्ये सोय बघावी, असं बाबांचं धोरण होतं. बाबा कारखान्यात मशीन शॉपमध्ये इन्स्पेक्टर होते. लेथवरून उतरलेला नग मोजायचा आणि तो पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवायचं, हे त्यांचं काम, आणि ते काम संध्याकाळच्या भोंग्याबरोबर सुटत नसे. चपला काढता काढता खिडकीच्या गजावरून त्यांचं एक बोट फिरायचं. आई स्वयंपाकघरातून मान न वळवता सांगायची, "पुसलेत." तरी ते बोट उजेडात धरून पाहिलं जायचंच. कारखान्यात दर वर्षी 'हाउसकीपिंग'चा सप्ताह पाळत. सगळ्यांत स्वच्छ शॉपला एक पितळी ढाल मिळे. बाबांच्या शॉपला ती इतक्या वेळा मिळाली होती की ती फिरती ढाल आहे, पुढच्या वर्षी परत द्यायची असते, हे लोक विसरून गेले होते.

सकाळचा भोंगा झाला की टाउनशिपच्या रस्त्यांवर सायकलींचा लोंढा सुटायचा आणि पुष्कळ वेळ फक्त घंट्याच ऐकू यायच्या. आईचा स्वयंपाक भोंग्यावर चालायचा. पहिल्या भोंग्याला कणीक, दुसऱ्याला डबा. ती मूळची जळगावकडची, त्यामुळे घरात शेंगदाण्याची चटणी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत हे सगळं बयाजवार व्हायचं. इथे हिंदी मुलखात लोक पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला घालून वर जिलबी खातात, हे तिनं कितीतरी वर्षं मान्य केलं नव्हतं. मग एकदा शेजारच्या तिवारी काकूंकडे खाल्ले आणि त्यानंतर आमच्याकडे जिरावनाची बरणी आली, ती आजतागायत आहे. भाषेच्या बाबतीत मात्र ती कधी नमली नाही. घरात मराठीच. मी "मच्छर येऊन राहिले, खिडकी लावून द्या" असं म्हणाले की ती खिडकी न लावता मला वाक्य नीट करून पुन्हा म्हणायला लावायची, तोवर डास आत. शाळेत हिंदी, मैदानात हिंदी, घरात मराठी. मला मराठी येत होती, पण पेटीत ठेवलेल्या लुगड्यासारखी, घडी न मोडलेली.

मिसरोदच्या पुढे, होशंगाबाद रोड सोडून आत, बाबांनी थोडी जमीन घेतली तेव्हा मी शाळेत होते. आता तिथं कॉलनी आहे. मागे एकदा नातवाला घेऊन गेले, तर आमच्या विहिरीच्या जागी जिम निघालं. मी इथे कोलार रोडच्या फ्लॅटमध्ये बसून हे लिहिते आहे आणि माझी शेती म्हणजे गॅलरीतल्या कुंड्या. पण तेव्हा तो रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना पळस होते, आणि रविवारी सकाळी आम्ही तिघं एका स्कूटरवर, माझ्या मांडीवर भाकरी-पिठल्याचा डबा, असे निघायचो. बाबांचं गाव खानदेशात. गावी त्यांच्या वडिलांची काळी जमीन होती. तिचं पुढे काय झालं हे ते कधी सांगत नसत आणि मीही विचारत नसे. शेतावर पाऊल टाकलं की हा इस्त्रीचा माणूस पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि अनवाणी चालायला लागायचा, एवढंच मला ठाऊक होतं.

शेतावर बाबांचा शॉप फ्लोअर सुरू व्हायचा. गहू निघाला की राहिलेली धसकटं, ज्यांना तिथले लोक नरवाई म्हणतात, ती ते वेचून काढायला लावायचे. ढीग करून कोपऱ्यात जाळायचे. झाडाचं पान वाऱ्यानं शेतात आलं तर तेही उचलायचे, मी पाहिलेलं आहे. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की ट्रॅक्टर बोलवायचा आणि खोल नांगरट. पलटी नांगरानं जमीन खालची वर व्हायची, ओलसर काळी ढेकळं उन्हात पडायची, आणि बाबा त्या वासात उभे राहायचे. पावसाआधी वखराच्या पाळ्या, एक झाली की दुसरी, माती रव्यासारखी होईपर्यंत. आई म्हणायची, तुम्हाला शेत पेरायचंय की त्याचा शिरा करायचाय? बाबा हसायचे, पण पाळी चुकवायचे नाहीत.

शेजारचं शेत पटेलांचं. गावचे मोठे शेतकरी, पांढऱ्या मिशा, बोलणं मोजकं. कारखान्यातला माणूस रविवारची शेती करायला आला याचं त्यांना पहिल्या वर्षी फार हसू आलं होतं आणि त्यांनी ते लपवलं नव्हतं. पण बाबांची नांगरट पाहून ते गप्प झाले. पुढे तर ते आपल्या पोरांना बांधावर आणून दाखवायचे, "हंकाई देखनी हो तो साब का खेत देखो." हंकाई म्हणजे नांगरट. बाबा हे वाक्य घरी येऊन आईला सांगायचे, आणि पुन्हा जेवताना सांगायचे. पितळी ढालीबद्दल ते कधी एवढं बोलले नव्हते.

मी शेतकी कॉलेजात जाईन असं कुणाला वाटलं नव्हतं, मलासुद्धा. ते झालं आणि बाबांना आतून आनंद झाला, हे मला त्यांनी माझ्यासाठी नवीन गमबूट आणले त्यावरून कळलं. एम. एस्सी.ला मातीतल्या सेंद्रिय कर्बावर काम घ्यायचं ठरलं. कर्ब म्हणजे पानं, मुळं, धसकटं, किडे, शेण हे सगळं कुजून मातीत जे उरतं त्याचा जीव. तोच मातीला धरून ठेवतो, पाणी धरून ठेवतो, पिकाला खायला देतो. नांगरटीनं त्याचं काय होतं, हा माझा प्रश्न. आमचे दुबे सर म्हणाले, दुसऱ्याच्या शेतात कशाला जातेस, आपल्याच शेताची माती आण. मग मी रविवारी पिशव्या भरून माती आणू लागले आणि मागच्या अंगणात बाजेवर वर्तमानपत्रं पसरून ती वाळत घालू लागले. आमच्या घरात मातीचं स्वागत झालं ते पहिल्यांदाच. बाबा संध्याकाळी येऊन त्या ढिगांकडे बघायचे, एखादं ढेकूळ बोटांनी फोडायचे, आणि बोट पुसायचे नाहीत.

निकाल आले ते मला आवडले नाहीत. बांधावरची माती, जिला कधी नांगर लागला नव्हता, ती काळीभोर आणि कर्बानं भरलेली. बांधापासून हाताच्या अंतरावर बाबांचं शेत, तीच जमीन, तोच पाऊस, आणि तिथला कर्ब कितीतरी कमी. कारण पुस्तकात होतंच. माती फोडली, उलथली की आत हवा शिरते, बारीक जिवाणू जोमानं कामाला लागतात आणि वर्षानुवर्षं साठलेलं खाऊन संपवतात. वरून आम्ही धसकटंही जाळत होतो, म्हणजे जमिनीत परत काहीच जात नव्हतं. पण दुबे सर एवढ्यावर खूश नव्हते. बांधावर गवत आहे, झाडं आहेत, गुरं बसतात, ती तुलना अर्धीच, असं त्यांचं म्हणणं. त्याच शेतातला निम्मा भाग न नांगरता, धसकटं तशीच ठेवून पेरला पाहिजे, तर तुझ्या कामाला अर्थ. नाहीतर दुसरा विषय घे. दुसरा विषय घेणं म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. आणि आखाजी जवळ आली होती.

मी जेवताना विचारलं. सोपं वाटलं होतं मला. म्हटलं, "बाबा, या उन्हाळ्यात अर्धं शेत पडीक ठेवू या का?"

बाबांच्या हातातला घास हातातच राहिला. त्यांनी एकदाच विचारलं, "पडीक?" मी उत्साहात पुढे बोलत राहिले, कर्ब, जिवाणू, दुबे सर, सगळं. ते ऐकत नव्हते. ताटात अर्धी भाकरी होती. ती टाकून ते उठले. अन्न टाकलेलं मी त्यांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. हात धुता धुता, पाठमोरेच, म्हणाले, "माझ्या जमिनीवर हा शब्द पुन्हा काढायचा नाही."

मला काही कळेना. भांडी आवरताना आईनं सांगितलं, तेही हलक्या आवाजात, मोरीचा नळ चालू ठेवून. आजोबा गेले तेव्हा बाबा इथे नोकरीला लागलेले. गावची जमीन बघायला कुणी नाही. बाबा सुट्टी मिळेल तसे जायचे, पण शेतीला सुट्टीचा माणूस चालत नाही. दोन-तीन वर्षं रान नांगरलंच गेलं नाही, हराळी माजली, बाभळी उठल्या. मग कुणाच्या तरी लग्नात, भर पंगतीत, एका चुलत्यानं बाबांना तोंडावर म्हटलं, बापाचं रान पडीक पाडलंस आणि तिकडे लोखंड मोजतोस. बाबा त्या पंगतीवरूनही असेच उठले होते. पुढे जमीन विकली आणि पुन्हा गावाला गेले नाहीत. "तुला 'न नांगरता' म्हणता आलं नाही का गं?" आई म्हणाली. मी म्हटलं, दोन्हींत फरक काय? मला खरंच ठाऊक नव्हतं. आमच्या कॉलेजात सगळे 'पड़त' म्हणायचे, वर्षभर विसावा दिलेल्या जमिनीलाही आणि उजाड माळालाही, आणि मी त्याचं सरळ मराठी केलं होतं. आईनं नळ बंद केला. "पडीक म्हणजे जिला कुणी नाही अशी जमीन," ती म्हणाली.

त्यानंतर घरात दोन सरकारं आली. बाबांना मला काही सांगायचं असलं की ते आईला सांगायचे, मी समोर असले तरी. आई सुरुवातीला इकडचं तिकडे पोचवत होती. मग तिनं जाहीर केलं की तुम्ही दोघं आपापली माती घेऊन अंगणात राहा, मला घरात स्वयंपाक करू द्या. आखाजीला तिनं खापरावरची पुरणपोळी केली, आमरस केला, आणि तिघंही न बोलता जेवलो. इतकी चांगली पुरणपोळी इतक्या वाईट तोंडानं खाल्ल्याचं मला अजून वाईट वाटतं. ट्रॅक्टर ठरला आहे हे मला शेजारून कळलं. मी दुसऱ्या विषयाची पुस्तकं काढली. राग तर होताच, पण त्याहून जास्त एक लाज वाटत होती की ज्या माणसाचं आयुष्य त्या एका शब्दानं भाजलं होतं, तो शब्द मी ताटावर बसून पिठलं मागावं तसा काढला.

बाबा प्रयोगशाळेत आले ते त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. मी बाकावर वाकलेली होते, वर पाहिलं तर दारात ते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, जणू नग तपासायला आलेत. कुणाला काही न विचारता माझ्यापाशी आले आणि फार दिवसांनी सरळ माझ्याशी बोलले. "नांगरलं की वरचं खाली जातं. तू खालचं मोजलंस का? नुसतं वरचं मोजून कमी भरलं म्हणशील तर ते मी पास करणार नाही."

हा प्रश्न दुबे सरांनीही विचारला होता, पण इतका नेमका नाही. मी म्हटलं, मोजलंय. म्हणाले, माझ्यासमोर मोज. मग मी चार चंबू मांडले. बांधाची वरची माती, बांधाची खालची, शेताची वरची, शेताची खालची. प्रत्येकात सारखं वजन. वर नारिंगी द्रावण ओतलं, जपून ॲसिड घातलं. चंबू तापले, आपोआप. बाबांनी एका चंबूजवळ तळहात धरून ऊब पाहिली. मी त्यांना सांगितलं की मातीत कर्ब असेल तितका हा नारिंगी रंग हिरव्याकडे झुकतो, नसेल तर नारिंगीच राहतो, आकडा नंतर काढू पण डोळ्यांनाही दिसेल. लोखंड तापवताना त्याचे रंग बघून उष्णता सांगणारा हा माणूस. रंग कसे वाचायचे हे त्यांना शिकवायची गरज नव्हती. बांधाचे दोन्ही चंबू हिरवटले. वरचा गडद, खालचा जरा फिका. शेताचे दोन्ही मळकट नारिंगी राहिले, वरचा आणि खालचा जवळजवळ सारखेच. खाली काही लपलेलं नव्हतं.

ते वाकून एकेक चंबू पुन्हा बघत होते. खिडकीतून कॉलेजच्या शेतावरच्या पंपाचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "म्हणजे दर उन्हाळ्यात मी भट्टीचं दार उघडं टाकत होतो. हवा आत, आणि आतलं जळतंय. धूर दिसत नाही एवढंच."

मी हो म्हटलं. इतकं नीट माझ्या प्रबंधातही लिहिलेलं नव्हतं. मग मला राहवलं नाही, म्हटलं, बाबा, मला तसं म्हणायचं नव्हतं, तो शब्द मला कळला नव्हता. त्यांनी मान हलवली. "आईनं सांगितलं तुझ्या. पण नले, तुला काहीही म्हणायचं असू दे, गावाला ते तसंच दिसणार आहे." एवढं बोलून ते गेले. जाताना बाकावर सांडलेली माती बोटानं गोळा करून पिशवीत टाकून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी मुद्दाम गेले नव्हते. आई गेली होती, तिनं येऊन सांगितलं. बाबा पहाटेच पोचले होते, चुन्याची पिशवी घेऊन, आणि शेताच्या मधोमध दोरी धरून त्यांनी पांढरी रेघ मारली होती, क्रिकेटच्या मैदानावर मारतात तशी सरळ. ड्रायव्हरला सांगितलं, याच्या पलीकडे चाक गेलं तर ट्रॅक्टर परत. ड्रायव्हरनं विचारलं, उधर क्या है साब? बाबा म्हणाले, उधर तुम्हारा काम नहीं है. मी हे ऐकलं आणि मोरीत जाऊन रडले. आईनं बाहेरून विचारलं, पोटात दुखतंय का? मी म्हटलं, हो.

आता इथे मला खरं ते लिहिलं पाहिजे, कारण नंतर लोक अशा गोष्टी गोड करून सांगतात. त्या वर्षी माझ्या अर्ध्यानं मला तोंडघशी पाडलं. पाऊस बरा झाला. बैलांच्या तिफणीनं धसकटांमधून फक्त ओळीपुरती माती उघडून सोयाबीन पेरलं होतं. जोराच्या पावसात बाबांच्या बाजूनं गढूळ पाणी वाहत ओढ्याला जायचं आणि माझ्या बाजूचं धसकटांखाली मुरायचं, हे आम्ही दोघांनी छत्रीखाली उभं राहून पाहिलं. पण तण म्हणजे काय ते मला पुस्तकानं सांगितलं नव्हतं. नांगरटीनं जे मरतं ते सगळं माझ्याकडे जिवंत होतं. रविवारी आम्ही तिघं वाकून तण उपटायचो. बाबा नेहमी माझ्या बाजूला असायचे, त्यांच्या बाजूला मजूर. धसकटं मात्र त्यांनी उचलली नाहीत. मी पाहायची, त्यांचा हात सवयीनं एखाद्या काडीकडे जायचा आणि मध्येच थांबायचा. इतक्या वर्षांची ती खोड, आणि माझ्यासाठी ते ती अशी काडीकाडीनं आवरत होते. माझं मन भरून यायचं, आणि भीतीही वाटायची की हे सगळं फुकट गेलं तर.

मळणी झाली तेव्हा दोन्ही बाजूंचा माल वेगळा ठेवला होता. ढीग बघितल्यावर मोजायची गरजच नव्हती. बाबांचा मोठा होता. मी त्या दिवशी जेवले नाही. आकडे काढून मला सांगता आलं असतं की कर्ब एका हंगामात भरत नाही, झिजायला जितकी वर्षं लागली तितकी भरायला लागतील, माती परत धरायला लागली की पुढे फळ दिसेल. ते पुढे दिसलंही, बाबा निवृत्त झाल्यावर, सावकाश. पण त्या दुपारी माझ्याकडे दाखवायला एक लहान ढीग होता आणि पटेल बांधावरून चालत येत होते.

त्यांच्याबरोबर गावातली आणखी दोघं-तिघं होती. पटेलांनी दोन्ही ढीग पाहिले, मग दोन्ही बाजूंची जमीन पाहिली. एक बाजू मोकळी, साफ. दुसरीकडे कुजत आलेली धसकटं, मधून मधून हिरवं. हंगामभर त्यांनी काही विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि कुचकेपणानं नाही, खरंच वाईट वाटून. "साब, आपकी हंकाई की तो मिसाल देते थे हम. ये आधा पड़त क्यों छोड़ दिया?"

मी पोत्यापाशी बसले होते. तो शब्द ऐकला आणि मला वाटलं, आता बाबा सगळ्यांसमोरून उठून जातील, त्या पंगतीवरून उठले होते तसे, आणि यावेळी ती पंगत मी मांडलेली. मी त्यांच्याकडे बघूही शकले नाही.

बाबा उठले नाहीत. लहान ढिगातले मूठभर दाणे घेऊन ते हातावर चाळत होते, ते चाळत राहिले.

"पड़त नहीं है, पटेल साब," ते म्हणाले. "वो मेरी बेटी का खेत है. इस साल फसल मेरी ज़्यादा आई. ज़मीन उसकी बन रही है."